रोजचे उंबरठे: लोकलने ये-जा करणाऱ्या मुलीसाठी सावधपणाच्या सवयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नांदेडहून नोकरीसाठी ठाण्याला आलेली तेवीस वर्षांची मुलगी. रोज ठाणे ते दादर लोकल, परतायला रात्रीचे साडेनऊ-दहा. ती लिहिते, "घरचे, मैत्रिणी, ऑफिसातले, सगळे 'अलर्ट राहा' म्हणतात. दोन महिने तशीच राहिले. आता डोकं दुखतं, रात्री झोप लागत नाही, आणि एवढं करूनही परवा पर्समधून फोन गेला. मग नेमकं करायचं काय?"

मी लोहमार्ग पोलिसांत सत्तावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी फलाटावर आणि रात्रीच्या लेडीज डब्यात. निवृत्तीनंतर कॉलेजांत, महिला मंडळांत आणि ज्येष्ठ नागरिक संघांत हाच विषय शिकवते. तू माझ्या धाकटीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहिते.

तुझं काही चुकलेलं नाही. तुला मिळालेला सल्लाच अर्धवट आहे. "अलर्ट राहा" म्हणणं सोपं, पण कधी आणि कुठे ते कुणी सांगत नाही. मग माणूस सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत ताणलेला राहतो, आणि जिथे खरंच बघायला हवं तिथे पोचेपर्यंत त्याची नजर थकून गेलेली असते. सुरुवातीच्या काही वर्षांत मीही हीच चूक करत होते. कॉलेजात जायचे, अंगावर काटा येईल असे किस्से सांगायचे, मुली गप्प बसून ऐकायच्या. एकदा एका मुलीची आई मला भेटायला आली. म्हणाली, "मॅडम, तुमचं व्याख्यान ऐकल्यापासून ती क्लासलाच जात नाही." त्या दिवसापासून मी किस्से कमी केले आणि सवयी शिकवायला लागले.

या सवयींचं मूळ माझ्या माहेरात आहे. माझे वडील भुसावळला इंजिन ड्रायव्हर होते. मेलगाडीच्या इंजिनात ड्रायव्हर आणि असिस्टंट असे दोघं असतात. पुढचा सिग्नल दिसला की दोघांनीही त्याचा रंग मोठ्याने म्हणायचा, ही रेल्वेची पद्धत आहे. रात्री अडीच वाजता, डोळे जड झालेले असतानाही म्हणायचाच. जपानच्या रेल्वेत तर सिग्नलकडे बोट दाखवून म्हणतात. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ मध्ये प्रयोग करून पाहिला, तेव्हा बोट दाखवून आणि मोठ्याने म्हणून केलेल्या कामात चुका सुमारे सहाव्या हिश्श्यावर आल्या. बाबांच्या कानावर तो प्रयोग कधी गेला नसेल. पण ते घरातून निघतानाही दाराशी उभे राहून म्हणायचे, "गॅस बंद, किल्ली, पाकीट, डबा." आम्ही भावंडं त्यांच्यामागून तेच म्हणायचो. डोळे पुष्कळदा नुसते फिरतात, दिसत काहीच नाही. तोंडाने म्हणायचं ठरवलं की बघावंच लागतं.

तुझ्या दिवसातही असे सिग्नल आहेत. मी त्यांना उंबरठे म्हणते. एका जागेतून दुसऱ्या जागेत जायचे क्षण: घराचं दार, सोसायटीचं फाटक, रिक्षात बसणं, जिना, फलाट, गाडीत चढणं, उतरणं, एटीएममधून बाहेर पडणं, लिफ्ट, परत घराचं दार. फलाटावर आणि पोलीस ठाण्यात माझ्यासमोर आलेल्या तक्रारी आठवते, तेव्हा त्यातल्या बहुतेक या अशाच जागांवर घडलेल्या असतात. कारण साधं आहे. उंबरठ्यावर हात गुंतलेले असतात, मन पुढच्या जागेत पोचलेलं असतं आणि ज्याला काही करायचं असतं त्याला पळायला वाट मोकळी असते. दोन उंबरठ्यांच्या मधे तू गाणी ऐक, डुलकी काढ, मैत्रिणीशी गप्पा मार. मी इअरफोन लावू नकोस असं कुणालाच सांगत नाही. उंबरठा आला की काढ, एवढंच.

उंबरठ्यावर करायचं काय? थांबायचं, फार तर तीन सेकंद. नजर आधी माणसांच्या हातांकडे, मग बाहेर पडायच्या वाटेकडे, मग स्वतःच्या सामानाकडे. आणि ओठांतल्या ओठांत म्हणायचं: "हात, वाट, बॅग." चेहरे बघून फारसं कळत नाही. सभ्य दिसणारा चोर मी शेकड्यांनी पाहिलाय. हात मात्र सांगतात. गर्दीत सगळ्यांनी दांडा धरलेला असताना एकाचा हात खाली आहे आणि हातावर दुमडलेला शर्ट किंवा वर्तमानपत्र टाकलंय, तर तो हात काय करतोय हे बघायलाच हवं.

तुझा फोन पर्समधून गेला, तो बहुतेक गाडीत चढताना गेला असणार. डब्यात बसल्यावर कळलं असेल, तरी गेला दारात. चोर चढणाऱ्या घोळक्यात शिरतो, आत यायची घाई करतोय असं दाखवतो, मधेच "अरे, ही स्लो आहे का?" म्हणत मागे फिरतो. त्या धक्काबुक्कीत एक जण अडवतो, दुसरा काढतो, आणि काढलेली वस्तू तिसऱ्याकडे गेलेली असते. तू ज्याला पकडशील त्याच्याकडे काही सापडत नाही. दुसरी पद्धत खेचण्याची. गाडी सुटते त्याच क्षणी दाराजवळच्या किंवा खिडकीतल्या बाईचा फोन ओढायचा आणि फलाटावर उतरून चालू लागायचं. गाडी तुला घेऊन पुढे निघून जाते. तिसरी सगळ्यांत वाईट: फटका गँग. रुळांच्या कडेला उभं राहून दारातल्या माणसाच्या हातावर काठीने फटका मारतात, फोन खाली पडला की उचलतात. फोन वाचवायला वाकलेला माणूस तोल जाऊन पडतो. यात माणसांनी पाय गमावलेत, जीवही गमावलाय.

म्हणून गाडी फलाटाला लागायच्या आधी फोन आत गेलेला हवा. पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलेला फोन चालणार नाही. बॅग पुढे, छातीशी, चेनवर तळहात. गाडी सुटून फलाट संपेपर्यंत फोन बाहेर काढायचा नाही. एवढी एक सवय लागली तरी तुझा अर्धा धोका गेला. आणि दारात उभी राहून कधीच फोन नको.

दाराचा विषय निघालाय तर थोडं थांबते. तुझ्या मनात भीती चोराची आणि छेड काढणाऱ्याची आहे, ती असणारच. पण मुंबईच्या लोकल मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जिवाला मुकतात, आणि त्यातली सर्वाधिक रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून. पंचनामे करून करून माझे हात दुखलेत. दप्तर, जेवणाचा डबा, अर्धवट वाजणारा फोन, आणि फोनवर "आई" असं नाव. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकल वळणावर शेजारून गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, ते तू वाचलं असशीलच. त्यामुळे स्वतःची सुरक्षितता म्हटलं की माझ्या यादीत पहिलं येतं ते हे: गाडी सोडता येते. पुढची येते. ऑफिसात उशिराची एक लाल खूण पडली तर पडू दे.

गर्दीच्या पुलाबद्दल तुला कुणी काही सांगितलं नसेल. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. जोराचा पाऊस पडत होता, लोक जिन्यावरच आडोशाला थांबले होते, खालून प्रत्येक गाडीतून आणखी लोक येत होते. २३ जण गेले. चेंगराचेंगरी म्हणजे पायाखाली तुडवणं, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक माणसं गुदमरून जातात, कित्येकदा उभ्या उभ्याच. चारी बाजूंनी दाब इतका येतो की छाती फुगवायला जागा राहत नाही.

त्यासाठीची सवय अशी. जिन्याच्या तोंडाशी आलीस की वर बघ: लोक चालतायत की नुसते उभे आहेत? चालत असतील तर जा. थांबलेले असतील तर आत शिरू नकोस, फलाटावर मागे हट आणि दोन गाड्यांची गर्दी ओसरू दे. चौरस मीटरमागे पाच-सहा माणसं झाली की गर्दी माणसांच्या हुकमात राहत नाही, पाण्यासारखी लाटेने हलते. ते मोजत बसायचं नाही. दोन्ही खांद्यांना माणसं लागतायत आणि स्वतःचा हात तोंडापर्यंत नेता येत नाही, ही खूण पुरे. तिच्या आधीच बाहेर पडायचं. तरीही सापडलीस, तर मुठी छातीसमोर, कोपरं थोडी बाहेर, म्हणजे श्वासापुरती पोकळी राहते. लाटेच्या उलट रेटू नकोस. लाट थांबली की तिरकं तिरकं कडेला सरकत जा, पण भिंतीला किंवा कठड्याला पाठ चिकटेल असं नको. चप्पल गेली, फोन पडला, वाकायचं नाही. ओरडून श्वास घालवू नकोस. मांढरदेवीच्या जत्रेत २५ जानेवारी २००५ ला चेंगराचेंगरी झाली, जवळपास ३०० भाविक गेले. तुमच्या घरी जत्रेला जायची पद्धत असेल तर हा परिच्छेद वडिलांनाही वाचून दाखव.

वाट बघून ठेवायची सवय हॉटेलात, मॉलमध्ये, सिनेमागृहातही तशीच. बसायच्या आधी दुसरी वाट शोधायची. आलो त्याच दाराने सगळे पळतात. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आगीत १४ जण गेले, आणि त्यातले अनेक जण धुरापासून वाचायला स्वच्छतागृहात शिरले होते. तिथून पुढे वाट नव्हती.

सीएसएमटीवरचे तेव्हाचे उद्घोषक विष्णू झेंडे यांचं उदाहरण मी प्रत्येक वर्गात सांगते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्यांनी स्फोटाचा आवाज ऐकला, उद्घोषणा कक्षातून खाली काय चाललंय ते पाहिलं, आणि माइकवरून लोकांना स्टेशनाबाहेर जायला सांगत राहिले, कुठल्या बाजूने जायचं तेही सांगत राहिले. त्या आवाजाने कित्येक जण वाचले. लोक त्यांच्या धैर्याबद्दल बोलतात, ते योग्यच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या जागेत आपण रोज असतो तिच्या वाटा डोक्यात आधीपासून असतील तरच अशा घडीला तोंडातून नीट शब्द निघतात. तुला दादर स्टेशनचे सगळे पूल माहीत आहेत का? एखाद्या रविवारी, घाई नसताना, फिरून ये.

आता रस्ता. रिक्षात बसायच्या आधी नंबर वाच, आणि ड्रायव्हरला ऐकू जाईल असा फोनवर सांग: "आई, एमएच शून्य चार अमुक अमुक, वीस मिनिटांत पोचते." फोन लागला नाही तरी सांग. ॲपची गाडी असेल तर नंबर जुळल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही, आणि "मॅडम तुमचंच बुकिंग का?" असं त्याने विचारलं तर "कुणाचं बुकिंग आहे?" असं त्यालाच विचार. चालताना फुटपाथ नसेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, आणि बॅग रस्त्यापासून लांबच्या खांद्यावर. मोटरसायकलवर दोघं येऊन पत्ता विचारायला लागले तर दोन पावलं मागे घेऊन तिथूनच उत्तर दे. गळ्यातलं खेचणारा बहुधा मागे बसलेला असतो, आणि तुला वाकून चिठ्ठी वाचायला लावणं हाच त्यांचा डाव. तुझी आई इकडे राहायला आली की तिला हे आधी सांग. सकाळी फिरायला निघालेल्या, गळ्यात मंगळसूत्र असलेल्या बायका त्यांच्या नजरेत पहिल्यांदा भरतात.

पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालणं टाळ. टाळता येत नसेल तर छत्री मिटून काठीसारखी पुढे टेकवत जा, विजेच्या खांबाला हात लावू नकोस. २०१७ च्या ऑगस्टमधल्या पावसात मुंबईतल्या एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला होता. पाण्याखाली काय आहे हे चालणाऱ्याला दिसत नाही.

रात्रीच्या गाडीबद्दल तुला वेगळं विचारायचं असणार. रिकामा लेडीज डबा सुरक्षित नसतो. ज्या डब्यात बायका आहेत किंवा होमगार्ड, पोलीस दिसतोय, तो तुझा. तसा नसेल तर भरलेल्या जनरल डब्यात उभं राहणं मला जास्त बरं वाटतं. लेडीज डब्यात गार्डशी बोलायचं टॉकबॅकचं बटण असतं. ते कुठे आहे हे आजच बघून ठेव. मी विचारलं तेव्हा रोज प्रवास करणाऱ्या दहातल्या आठ-नऊ जणींना ते दाखवता आलं नाही. आणि कुणी मागे येतंय असं वाटलं तर घरी जाऊ नकोस. घर दाखवणं म्हणजे उद्याची सोय करून देणं. उजेड असलेल्या दुकानात, मेडिकलमध्ये शिर आणि तिथून फोन कर. तोच माणूस तुझ्या वाटेवर काहीही काम नसताना वेगवेगळ्या ठिकाणी दिसायला लागला तर तारीख, वेळ, जागा लिहून ठेवायला लाग. पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि तक्रारीत अशा नोंदी फार कामी येतात.

इथपर्यंतचं सगळं शिकवता येतं. जे शिकवायला मला सगळ्यांत जड जातं, ते आता लिहिते.

जबाब घेताना मी किती बायकांच्या तोंडून ऐकलंय: "मला आधीच कसंतरी वाटलं होतं." लिफ्टमध्ये शिरतानाच वाटलं होतं. तो शेजारी येऊन बसला तेव्हाच वाटलं होतं. मग उठली का नाहीस? "बरं दिसलं नसतं." "त्याला काय वाटलं असतं?" "उगाच कुणावर संशय कशाला." सावधपणा कमी पडला असं यात काही नव्हतं. त्यांना दिसलं होतं, कळलं होतं, पाय उचलला नाही तो भिडेमुळे. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात, आणि आपल्या मुलींना आपण तीच भीड लहानपणापासून शहाणपण म्हणून शिकवतो. काकांना नमस्कार कर, मामांच्या मांडीवर बस, नाही म्हणू नकोस.

म्हणून माझ्या वर्गात मी भीड मोडायचा सराव घेते. दोघींना समोरासमोर उभं करते. एकीने जवळ जवळ यायचं, दुसरीने हात पुढे करून, नजर न हटवता म्हणायचं, "तिथेच थांबा." पहिल्यांदा सगळ्या हसतात. मग त्यांच्या लक्षात येतं की आवाजच फुटत नाहीये. चौथ्या-पाचव्या वेळेला फुटतो. तू हे रूममेटबरोबर कर. आणि रोजच्या बारीकसारीक गोष्टींत कर: लिफ्टचं दार उघडलं, आतला माणूस ठीक वाटला नाही, तर "तुम्ही जा" म्हण आणि थांब. कारण द्यायचं नाही. खोटं कारणसुद्धा नाही. तो माणूस अगदी सज्जन असेल तर त्याचं काय बिघडलं? तो वरच्या मजल्यावर पोचला, तू पुढच्या लिफ्टने गेलीस. ज्या दिवशी वेळ येईल त्या दिवशी तो "तुम्ही जा" तुझ्या तोंडात तयार हवा.

तरीही काही घडलंच तर आवाज हेच पहिलं हत्यार. नुसतं किंचाळलं की लोक वळून बघतात आणि गोंधळतात. त्याने काय केलंय ते ओरडायचं: "हात काढ! मागे हो!" मग आजूबाजूच्या सगळ्यांना न सांगता एकाला धरायचं: "निळा शर्टवाले दादा, ११२ ला फोन करा!" सगळ्यांना सांगितलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल. एकाला बोट दाखवलं की तो करतो, हे मी फलाटावर कितीदा तरी पाहिलंय. पेपर स्प्रेबद्दल मुली नेहमी विचारतात. ठेवायचा तर ठेव, स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलेलाच आहे. पण पर्सच्या तळाशी, लिपस्टिकखाली असलेला स्प्रे असून नसल्यासारखा, आणि बंद डब्यात तो तुझ्याही डोळ्यांत जातो. शिट्टी किल्लीला अडकव, ती जास्त कामाला येते.

११२ ला फोन लागला की आधी जागा सांगायची, मग काय झालं ते. फोन तुटला तरी माणसं कुठे पाठवायची ते त्यांना कळलेलं असतं. म्हणून आपण कुठे आहोत हे म्हणत राहायची सवय: कुठलं स्टेशन गेलं, कुठला चौक आला, मेट्रोच्या खांबाचा नंबर काय. रुळांच्या कडेला विजेच्या खांबांवरही नंबर असतात, आधी किलोमीटर, मग खांबाचा आकडा. गाडी मधेच थांबली तर खिडकीतून तो नंबर वाचून सांगता येतो, आणि आमच्या लोकांना त्याहून अचूक पत्ता लागत नाही. लोकलमध्ये असशील तर १५१२ हा लोहमार्ग पोलिसांचा आणि १३९ हा रेल्वेचा नंबरही जवळ असू दे. तुझ्या फोनमध्ये पॉवरचं बटण किती वेळा दाबलं की मदतीचा फोन जातो ते सेटिंगमध्ये बघून, कुणाला जायला हवा ती नावं भरून ठेव. गावाकडे आईकडे साधा बटणांचा फोन असेल तर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरल्यावर तशी सोय असते, तिलाही दाखव.

गेलेल्या फोनचं काय? तक्रार दिली नसशील तर दे. आणि लिहिताना "हरवला" लिहून देऊ नकोस. चोरी झाली तर चोरी लिही. हद्द कुणाची यावर कुणी तुला फिरवायला लागलं तर शांतपणे सांग की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. सिम बंद कर, बँकेला सांगून यूपीआय बंद कर, संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, टाकून फोन ब्लॉक कर. हा नंबर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की दिसतो, पण फोन हातात असताना. खोक्यावर आणि बिलावरही असतो. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर ताबडतोब १९३०, हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. जितकी लवकर तक्रार, तितके पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त.

अनोळखी फोन हाही उंबरठाच. पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर कुणी म्हणालं की तुम्हाला "डिजिटल अरेस्ट" केलंय, तर फोन ठेवून दे. पोलिसातली बाई म्हणून सांगते, असा प्रकारच कायद्यात नाही. तसंच "तुमच्या मुलीला अपघात झालाय, पैसे पाठवा" असा फोन नांदेडला जाऊ शकतो, आता तर आवाजाचीही नक्कल होते. म्हणून घरात एक खुणेचा शब्द ठरवा. माझ्या मुलीचा आणि माझा ठरलेला होता. रेल्वेत दोन पिवळे दिवे म्हणजे पुढे जपून, असं आम्ही लहानपणी बाबांकडून शिकलो होतो, त्यावरून घेतलेला. फोनवर बोलता बोलता तिने विचारलं, "पिवळ्या साड्या दोन आणल्यास का?" की मी समजायचे, तिला मोकळं बोलता येत नाहीये, आपण प्रश्न विचारायचे आणि तिने हो-नाही म्हणायचं. आता तो शब्द बदललाय म्हणून इथे लिहिला.

हे सगळं उद्यापासून एकदम करू नकोस, परत डोकं दुखेल. पहिला आठवडा फक्त घराचं दार: निघताना एकदा, परतताना लिफ्टमध्येच किल्ली हातात, दार उघडायच्या आधी मागे एक नजर. दुसऱ्या आठवड्यात गाडीत चढणं जोड, मग रिक्षा, मग पूल. "हात, वाट, बॅग" हे सुरुवातीला खरंच ओठ हलवून म्हण. आठवडाभरात त्याची लाज जाते. महिन्याभरात न ठरवता तोंडात येतं, आणि मधल्या वेळात तुझं मन परत गाण्यात लागायला लागतं. झोपही लागेल. दोन महिन्यांनंतरही लागली नाही, किंवा लोकलच्या नुसत्या विचाराने छाती धडधडायला लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट. त्यात कमीपणा नाही, माझ्या खात्यातल्या कित्येकांनी ते केलंय.

नवा फोन घेतलास की त्याचा आयएमईआय त्याच दिवशी आईला पाठवून ठेव. आणि महिन्याने लिही, कुठल्या उंबरठ्यावर विसरायला होतं ते. बहुतेक मुली उतरताना विसरतात, त्याचं पुढे सांगेन.